वाटत नाही हो!

पोरांची खिचडी वाटून झाली की मधल्या सुट्टीत आम्ही शिक्षक ऑफिसातल्या लोखंडी टेबलाभोवती डबे घेऊन बसतो. डिसेंबरातले दिवस होते. नव्या मॅडम बदलून येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते आणि त्या दिवशी त्यांनी भरीत आणलं होतं. खान्देशात डिसेंबरात डब्यातून भरीत निघणं ही काही बातमी नाही. पण त्यांनी झाकण काढलं आणि जो वास आला तो गॅसवर भाजलेल्या वांग्याचा नव्हता. पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्याचा होता. धुराची ती किंचित कडसर झाक, वर कच्चा पातीचा कांदा, तेलात तडतडलेले शेंगदाणे, आणि हिरवी मिरची अशी की पहिल्या घासाला कान गरम व्हावेत. मी एकदा घेतलं, मग दुसऱ्यांदा घेतलं, मग लाज सोडून पोळीच्या तुकड्यानं डब्याची कड पुसली. "कुठे भाजलं हो एवढं छान?" त्या म्हणाल्या, "काल गावी गेले होते ना. आमच्या भिलाटीत अजून चुलीवरच असतं सगळं."

माझ्या तोंडात घास होता. तो गिळायच्या आत मी बोलून गेले, "तुम्ही भिल्ल? वाटत नाही हो!"

त्या हसल्या. "हो ना मॅडम, सगळे असंच म्हणतात," असं म्हणून त्यांनी डब्याचं झाकण लावलं. चार बाजूंच्या चार कड्या, टक टक टक टक. डब्यात अजून दोनेक चमचे भरीत शिल्लक होतं.

एवढंच घडलं. कुणी भांडलं नाही, कुणी रुसलं नाही. घंटा झाली, मी चौथीच्या वर्गावर गेले आणि फळ्यावर भागाकार लिहिला. पण संध्याकाळी स्कूटीवरून घरी येताना त्या चार कड्यांचा आवाज हेल्मेटमध्ये वाजत राहिला. आधी मला रागच आला, आणि तोही त्यांचा. मी तर कौतुक केलं होतं! वाईट काय बोलले? त्यांचं आडनाव असं, की ते मराठ्यांत आहे, कोळ्यांत आहे, भिल्लांत आहे, बौद्धांतही आहे. आपल्याकडे अशी पाच-सात आडनावं आहेत, ज्यांनी माणूस लावता येत नाही. 'लावता येत नाही' हा आमच्या घरातला शब्द. नवा माणूस भेटला की आई आडनाव विचारते, मग गाव, मग मामाचं गाव, आणि एकेक करून त्याला लावते, कपाटात घडी लावावी तसं. मी नव्या मॅडमना पहिल्याच दिवशी मनात लावून टाकलं होतं आणि ती घडी चुकली. बस, एवढंच, असं मी स्वतःला समजावलं. (माझी जात मी इथे लिहीत नाही. लेखाखालचं आडनाव बघून तुम्ही ती काढलीच असेल.)

मग भाजी निवडता निवडता एक गोष्ट लक्षात आली. कुणी मला म्हटलं, "तुम्ही पन्नाशीच्या वाटत नाही," तर मी खूश होते. का होते? पन्नाशीचं दिसणं वाईट असतं हे बोलणाऱ्यानं आणि मी दोघांनी आधीच मान्य केलेलं असतं म्हणून. 'वाटत नाही' हे कौतुक तेव्हाच होतं, जेव्हा ते 'असणं' मुळात वाईट धरलेलं असतं. म्हणजे मॅडमना मी जे दिलं ते काय होतं? आणि भिल्ल म्हणजे नेमकं कसं वाटायला हवं होतं मला? डोळे मिटले तर जे चित्र आलं, ते माझ्या आजोबांच्या शेतातलं होतं.

आमचं गाव तापीकाठचं. आजोबांकडे एक सालदार होता, तीसेक वर्षं. त्याचं नाव लिहीत नाही, त्याची नातवंडं आता शिकून नोकरीला आहेत, त्यांना आवडेल न आवडेल. आम्ही पोरं मात्र त्याला त्या नावानंच हाक मारायचो, एकेरी. त्याचे केस पांढरे झाले तरी आम्ही सात-आठ वर्षांची पोरं त्याला 'अरे' म्हणायचो आणि तो 'काय वं ताई' म्हणायचा. ज्वारी निसवली की माळ्यावर गोफण घेऊन तोच, भुईमुगाच्या राखणीला रात्रभर तोच, खळ्यावर रास पडली की राशीजवळ घोंगडी टाकून झोपायचा तोच. वर्षाचं सगळं पीक उघड्यावर, आणि त्याच्या भरवशावर आजोबा घरात घोरत. त्याच गावात, त्याच ओट्यावर, कुणाच्या घरी चोरी झाली की पहिलं वाक्य असायचं, 'भिलाटीत बघा आधी.' या दोन गोष्टी एकाच डोक्यात कशा मावत असतील, हे मला लहानपणी कधी खटकलं नाही. शपथेवर सांगते, एकदाही नाही.

त्याचा पेला वेगळा होता. जर्मनचा, कड वाकलेला, गोठ्याच्या वळचणीला खोचलेला. चहा झाला की तो स्वतः तो पेला काढून, हौदावर विसळून दाराशी येऊन बसायचा आणि आजी वरून चहा ओतायची. धार बरोबर पेल्यात पडायची, पेल्याला पातेलं लागायचं नाही. इतकी वर्षं सवय, एक थेंब सांडायचा नाही. मला ते आजीचं कसब वाटायचं. मी एकदा बाहुल्यांच्या खेळात तसा चहा ओतून दाखवला होता आणि सगळे कौतुकानं हसले होते.

पाहुणे आले आणि त्याचा विषय निघाला की आजोबा म्हणत, "भील शे, पन मानूस सोनाना शे." आणि खरंच प्रेमानं म्हणत. तो आजारी पडला तेव्हा आजोबांनी बैलगाडी जुंपून त्याला अमळनेरला नेलं होतं, दवाखान्याबाहेर रात्रभर बसून राहिले होते. घरी आल्यावर चहा झाला, तो पुन्हा वरूनच.

शेतात शिरायच्या वाटेवर बाभळीची एक मोठी काटेरी फांदी आडवी टाकलेली असे. गाडी आली की आजोबा खाली उतरत, बेचकं असलेल्या लांब काठीनं ती फांदी उचलून बाजूला करत, गाडी आत जाई, आणि लगेच फांदी पुन्हा ओढून जागेवर. बैलांची धूळ खाली बसायच्या आत कुंपण होतं तसं. गॉर्डन ऑलपोर्ट नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1954 साली पूर्वग्रहांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात त्यानं मनाच्या या खेळीचं वर्णन केलंय आणि तिला नावही शेतकऱ्याला कळेल असंच दिलंय: पुन्हा कुंपण घालणं. आपल्या समजुतीत न बसणारा चांगला माणूस समोर आला की आपण समजूत बदलत नाही. तेवढ्यापुरतं कुंपण उघडतो, त्या एकाला 'वेगळा' म्हणून आत घेतो आणि घाईघाईनं लावून टाकतो. आजोबांच्या वाक्यातला 'पण' म्हणजे ती बेचक्याची काठी होती. माझं 'वाटत नाही' म्हणजेही तीच, फक्त मी बी.ए. डी.एड. असल्यामुळे काठी जरा गुळगुळीत.

डी.एड.ला आम्हाला पूर्वग्रहावर दहा मार्कांचा प्रश्न असायचा. व्याख्या, कारणं, दूर करण्याचे उपाय. उपायांत पहिला मुद्दा ठरलेला: वेगवेगळ्या गटांतल्या लोकांचा परस्पर संपर्क वाढवावा. मी तो पाठ करून लिहिला आणि मार्क मिळवले. ऑलपोर्टनं मात्र नुसता 'संपर्क' म्हटलं नव्हतं, अटी घातल्या होत्या. दोघांचा दर्जा त्या ठिकाणी बरोबरीचा हवा, काम दोघांचं मिळून असावं, वरच्यांचा त्याला पाठिंबा हवा. नुसत्या संपर्कानं भागलं असतं तर तीस वर्षं एका बांधावर घाम गाळलेल्या आजोबा आणि सालदारामध्ये काय कमी होतं? दिवसाचे बारा तास संपर्क. पण एक जण खाटेवर आणि दुसरा उंबऱ्याखाली, तर त्या संपर्कानं कुंपण मोडत नाही, उलट रोजच्या रोज डागडुजी होते त्याची.

आपल्या भागाचा इतिहास तर या बाबतीत चेष्टा केल्यासारखा आहे. 1818 नंतर खान्देश इंग्रजांकडे गेला तेव्हा त्यांच्या कागदांत भिल्ल म्हणजे लुटारू. आणि 1825 साली त्याच लुटारूंची पलटण आउट्राम नावाच्या साहेबानं उभी केली, तिचा तळ आपल्या धरणगावला. काल ज्यांच्यापासून मुलूख सांभाळायचा, आज त्यांच्याच हाती बंदोबस्त. खाज्या नाईक सेंधव्याच्या घाटात रस्त्याची राखण करायचे, तेच पुढे 1857 च्या धामधुमीत सरकारविरुद्ध उभे राहिले. चोर, शिपाई, बंडखोर, माणसं तीच. पाटी लिहिणाऱ्याची गरज बदलली की पाटी बदलली. आमच्या ओट्यावर मात्र दोन्ही पाट्या एकदम टांगलेल्या होत्या आणि त्या एकमेकींवर कधी आपटल्या नाहीत.

दुसरी गोष्ट चाळीसगावची. 1929 साली डॉ. आंबेडकर अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य म्हणून या भागात आले होते. परतताना चाळीसगावच्या महारवाड्यातल्या लोकांनी आग्रह करून त्यांना उतरवून घेतलं. स्टेशनावर टांगे होते, पण अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी तोडगा निघाला: टांगा भाड्यानं न्या, पण हाकायला आम्ही बसणार नाही. मग त्या लोकांपैकीच एक जण, ज्याला टांग्याची सवय नव्हती, लगाम धरून बसला. नदीवरच्या फरशीपुलावर टांगा धडकला, आंबेडकर दगडावर फेकले गेले, पायाचं हाड मोडलं. घोडा आणि टांगा खाली नदीत. त्यांनी स्वतः हे लिहून ठेवलंय, आणि त्यात टांगेवाल्याबद्दल जे म्हटलंय ते फार थंड आवाजात आहे: बॅरिस्टर असलेल्या माणसापेक्षाही आपण वरचे, असं त्या टांगेवाल्याला मानता येत होतं. मला त्या प्रसंगात तो तोडगा सगळ्यात ओळखीचा वाटतो. पैसे चालतील, टांगा चालेल, लगाम नको. राखण चालेल, पेला नको. असले हिशेब आपल्याला कुणी शिकवत नाही आणि आपले ते कधी चुकतही नाहीत.

मला वाटायचं, हे सगळं शतकानुशतकांचं साचलेलं, म्हणून इतकं घट्ट. पण गेल्या वर्षी माझ्याच वर्गानं मला धडा दिला. वर्ग झाडायच्या पाळीसाठी मी हजेरी क्रमांकावरून दोन गट केले, सम आणि विषम. दुसरं काहीच कारण नव्हतं. तिसऱ्या दिवशी सम गटातली एक पोरगी तक्रार घेऊन आली, "मॅडम, विषमवाले मुद्दाम कचरा करतात." चौथ्या दिवशी विषमवाल्यांनी आपला झाडू लपवला. आठवड्याच्या शेवटी एका पोरानं मला अगदी गंभीरपणे सांगितलं की समवाली पोरं पहिल्यापासूनच खोटारडी आहेत. पहिल्यापासून म्हणजे सोमवारपासून! मला हसू आलं आणि मग आलं नाही. हेन्री ताजफेल नावाच्या माणसानं ब्रिस्टलजवळच्या शाळेत चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांवर असाच प्रयोग केला होता, 1970 साली तो छापून आला. पडद्यावर ठिपके दाखवायचे, किती ते अंदाजानं सांगायचं, आणि मग मुलांना सांगायचं की तू जास्त मोजणाऱ्यांतला, तू कमी मोजणाऱ्यांतला. वाटणी खरं तर चिठ्ठ्या टाकल्यासारखीच. तेवढ्यावर मुलं आपल्या गटाला जास्त पैसे देऊ लागली. पुढे तर असंही दिसलं, की आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालतील, पण त्यांच्यापेक्षा जास्त मिळायला हवेत. हा ताजफेल पोलंडमधला ज्यू, युद्धकैदी म्हणून जिवंत राहिला, परत आला तेव्हा घरचं जवळपास कुणी उरलं नव्हतं. एवढं भोगलेला माणूस ठिपक्यांपर्यंत का गेला असेल, ते मला माझ्या झाडूच्या भांडणानंतर थोडंसं कळलं.

आता जे लिहिणार आहे ते लिहू की नको, असं दोन दिवस चाललं होतं.

2018 चा उन्हाळा. व्हॉट्सॲपवर सगळीकडे एकच मेसेज फिरत होता, मुलं पळवणारी टोळी आली आहे, वेश बदलून फिरतात, अनोळखी दिसलं की सावध राहा. पालकांच्या ग्रुपवर तो मी टाकला होता. वर माझ्या हातानं लिहिलं होतं, 'सर्वांनी काळजी घ्यावी' आणि दोन हात जोडलेले. शिक्षिका म्हणून कर्तव्य केल्यासारखं वाटलं होतं. 1 जुलैला, रविवारी, आठवडे बाजाराच्या दिवशी, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात जमावानं डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना ठेचून मारलं. भिक्षा मागत गावोगाव फिरणारी माणसं, सोलापूरकडून आलेली. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. त्यांनी कुणाचं मूल पळवलं नव्हतं. ती तशी 'वाटली', एवढंच.

माझा मेसेज राईनपाड्याला गेला नसेल. आमचा तालुका कुठे, साक्री कुठे. हे मी स्वतःला तेव्हाही सांगितलं आणि ग्रुपमधून मेसेज काढायला गेले, तर वेळ उलटून गेली होती, तो निघेना. खाली सत्तावीस पालकांचे अंगठे. मारणारी माणसं कुठल्या जातीची, कशी अडाणी, यावर पुढे आठवडाभर आमच्या ऑफिसात चर्चा झाली. त्या चर्चेतही मी होते, पुढे होऊन. 'त्या भागातले लोक तसेच' असं कुणीतरी म्हणालं तेव्हा मान हलवणाऱ्यांत माझी मान होती. फांदी उचलायची, ठेवायची, उचलायची, ठेवायची. नव्या मॅडमच्या डब्याच्या कड्या वाजल्या त्या दिवशी मला या मानेची आठवण का झाली, ते आता तरी कळतंय. 'वाटले' आणि 'वाटत नाही', दोन्ही बघणारा डोळा एकच.

मॅडमची माफी मागायची असं मी ठरवलं खरं, पण माफी मागायला प्रसंग लागतो, आणि मला तो जुळवता येईना. महिन्याभरानं केंद्राच्या बैठकीला आम्ही दोघी एसटीनं निघालो. खिडकीशी त्या, शेजारी मी. बाहेर केळीच्या बागा मागे पळत होत्या. मी तीन वेळा घसा खाकरला आणि शेवटी म्हटलं, "मॅडम, त्या दिवशी मी जे बोलले ना, भरिताच्या वेळी…" त्यांनी माझ्याकडे बघितलं, कपाळाला आठी घालून आठवायचा प्रयत्न केला. "कोणतं हो?" मी सांगितलं. "अच्छा, ते होय," त्या म्हणाल्या आणि पुन्हा बाहेर बघू लागल्या. मग थोड्या वेळानं, "तुम्ही निदान तोंडावर म्हणालात. आधीच्या शाळेत एक सर होते, त्यांना कळल्यापासून डबा मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये नेऊन खायचे. पोटाचं पथ्य आहे म्हणायचे." आणि त्या हसल्या, खरंखुरं हसल्या, मीही हसले, आणि हसताना माझ्या पोटात खड्डा पडला. मी महिनाभर उराशी धरून बसलेली गोष्ट त्यांना आठवावी लागली होती. मला वाटत होतं, मी मोठा घाव घातलाय. त्यांच्या हिशेबात ती साधी नोंद होती, अशा कितीतरी नोंदींतली. माफी मागायचं राहूनच गेलं. कंडक्टर तिकिटं काढायला आला आणि दोघींनी एकदम पर्स उघडली.

त्यानंतर भरीत त्यांनी दोनदा आणलं. आम्ही सगळ्यांनी खाल्लं. आमचं छान जमतं, पण जमतं असं लिहिताना आजोबा आठवतात.

या जूनमध्ये पहिलीचे प्रवेश चालू होते. दाखल-खारीज रजिस्टर माझ्यासमोर, शेजारच्या खुर्चीत मॅडम पोरांचे फोटो कात्रीनं कापून अर्जांवर चिकटवत होत्या. एक बाप पोराला घेऊन आला. उन्हानं रापलेला, पांढरा शर्ट, खिशाला पेन. पोरगं त्याच्या पायाला चिकटलेलं. नाव लिहिलं, आईचं नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली. आडनाव तेच, पाच-सात आडनावांतलं, न लागणारं. पुढचा रकाना जातीचा. जातीचा दाखला त्यानं आणलेला नव्हता. माझं पेन रकान्यावर थांबलं आणि मी मान वर करून त्याच्या तोंडाकडे बघितलं. एक क्षण, फार तर दोन. कपाळ, नाक, हातातलं कडं. मनात काहीतरी लागलं, घडी बसली, आणि पेन कागदाला टेकायला निघालं.

"विचारा ना मॅडम," शेजारून आवाज आला. त्यांनी मान वर केलेली नव्हती. कात्री फोटोच्या कडेनं सरळ चालली होती.

मी विचारलं. त्यानं सांगितलं. मी धरली होती ती नव्हती. मी लिहून घेतली, आणि पोराच्या फोटोसाठी मॅडमपुढे हात केला.